वस्तादांची कॉईल

"चूक डोळ्यांसमोर घडल्याशिवाय दुरुस्ती करायची म्हणजे चोर सापडायच्या आधीच कुणाला तरी बडवून काढायचं," असं तो एकदा म्हणाला होता. ज्याला म्हणाला, त्या गिऱ्हाइकाला घाई होती. "मिस्त्री, प्रवचन नको, गाडी द्या," गिऱ्हाईक म्हणालं. यानं किल्ली त्याच्याच हातात ठेवली आणि सांगितलं, "चालू करा." इंजिन चालू झालं, गुमान चाललं. "बंद करा. पुन्हा." पुन्हा चालू झालं. "पुन्हा." असं करता करता एकदा ते अडखळलं, भरल्या सभेत खोकला दाबून धरलेल्या माणसासारखं अंगभर हललं, आणि याचा चेहरा निवळला. "आली बघा," तो म्हणाला. जणू दारात पाहुणीच आली होती.

तेव्हापासून त्याचं नाव पुन्हा मिस्त्री पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री उरलं. गॅरेजचे मालक त्याला 'पुन्हा' म्हणूनच हाक मारत, शेजारचा टायरवाला म्हणे, बायकोसुद्धा रागावली की म्हणे. रागावली नसली की ती त्याला काहीच म्हणत नसे, नुसतं "अहो" म्हणून काम भागवी.

गॅरेज दुकानांच्या ओळीच्या मागच्या बाजूला होतं. एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला काचा कापणारा. छत पत्र्याचं, मधला एक पत्रा पारदर्शक. त्यातून दुपारी उजेडाचा एक चौकोन खाली पडे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. पुन्हा मिस्त्री जमेल तितकं काम त्या चौकोनाच्या मागोमाग सरकत करी. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, मान थोडी पुढे, कुणाचं तरी हळू बोलणं ऐकत असल्यासारखी. तरुणपणी तो बसच्या डेपोत होता. तिथे गाडी बिघडली की सुटे भाग घमेल्यानं आणत आणि घमेल्यानं बदलत. गाडी चालू व्हायची, पण बिघाड कशानं होता ते कुणालाच कळायचं नाही. हे न कळणं त्याला खुपायला लागलं. पायात काटा मोडल्यावर माणूस चालतो, पण काट्याशिवाय दुसरं काही त्याच्या डोक्यात राहत नाही, तसं. मग तो डेपो सोडून वस्तादांकडे आला.

वस्ताद म्हणजे गॅरेजच्या आताच्या मालकांचे वडील. त्यांचे नियम थोडे होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चालत्या सिलेंडरला हात लावायचा नाही. आणि संशय आला तर साक्षीदाराला विचारायचं.

साक्षीदार म्हणजे एक कॉईल. इंजिनात चार सिलेंडर असतात आणि चौघांनी पाळीपाळीनं जोर लावायचा असतो. एकानं पाळी चुकवली की गाडी लंगडते, झटके खाते, चढाला पिकअप घेत नाही. यालाच गॅरेजमध्ये मिसिंग म्हणतात. प्रत्येक सिलेंडरच्या डोक्यावर एक कॉईल बसलेली असते. बॅटरीच्या जराशा विजेला चिडवून चिडवून ती ठिणगी करते आणि खाली प्लगकडे पाठवते. ती बिघडली की मिसिंग. पण मिसिंग प्लगनं होतं, पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरनं होतं, वायरनं होतं, आणखी सतरा कारणांनी होतं. म्हणून वस्तादांनी एक खात्रीची कॉईल निवडून ठेवली होती. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. एका गोल डब्यात, मऊ कापडात गुंडाळलेली. संशयित कॉईल काढायची, हिला तिच्या जागी बसवायचं. मिसिंग थांबलं तर जुनी कॉईल दोषी. थांबलं नाही तर ती बिचारी निर्दोष, दुसरीकडे शोधा.

वस्ताद गेले, पण डबा राहिला. मालक तो डबा दोन्ही हातांनी उचलत. "आमच्याकडे एकच माणूस असा आहे, जो कधी खोटं बोलत नाही," ते गिऱ्हाइकांना सांगत आणि डब्यावर टिचकी मारत.

त्या वर्षी पुन्हा मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीची गाडी लंगडायला लागली.

ताई स्टँडवरून टेकडीवरच्या दवाखान्यात माणसं नेऊन सोडायची. स्टँडवर बाकी सगळे पुरुष ड्रायव्हर. सुरुवातीला त्यांनी तिला रांगेत शेवटी उभं केलं, मग चेष्टा केली, मग कंटाळले. आता पेशंटचे नातेवाईक तिचीच गाडी शोधत येत, कारण ती वळणं अशी घेई की मांडीवरचा डबा हलत नसे. गाडी जुनी होती. तिनं स्वतःच्या कमाईतून घेतली होती आणि हे ती कधी बोलून दाखवत नसे. भाऊजी मात्र दर चार दिवसांनी दाखवत: "गाडी बाईसाहेबांची, आम्ही आपले घरजावई." घर त्यांचंच होतं, पण विनोद आवडीचा होता.

एक दिवस भाऊजी तिच्या शेजारच्या सीटवर बसून तपासणीसाठी टेकडीवर निघाले होते. मागे पायाला प्लॅस्टर घातलेली एक म्हातारी. पाण्याच्या टाकीजवळच्या तीव्र चढावर गाडीनं अचानक झटके खाल्ले, दम सोडला, आणि क्षणभर मागे घसरली. मागून ट्रक येत होता. ताईनं ब्रेक धरला, गाडी बाजूला घेतली. कुणाला काही झालं नाही. पण ट्रकचा पुढचा भाग मागच्या काचेत केवढा मोठा दिसत होता, हे भाऊजींना विसरता येईना. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. अशा माणसाची भीती फार मोठी असते, कारण तिला कुठला ब्रेक नसतो.

"गाडी विकायची," घरी आल्यावर ते म्हणाले.

"दुरुस्त होईल," ताई म्हणाली.

"जुनं झालं की माणूस दुरुस्त होत नाही, गाडी कुठली होते?"

"तुम्ही तपासणीला कशाला जाता मग?"

यावर भाऊजी उठून बाहेर गेले. एका दलालाशी बोलून आले. दलाल रविवारी सकाळी येणार होता. तोवर मेहुण्यानं गाडी नीट केली तर बघू, नाहीतर गाडी जाईल आणि ताई घरी बसेल, असं ठरलं. ठरवलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं गाडी थेट भावाच्या गॅरेजात आणून उभी केली.

"बघ बाबा," ती म्हणाली. "तुझे भाऊजी मला घरी बसवायला निघालेत."

"कधी अडखळते?"

"चढाला."

"लगेच?"

"नाही. आधी बरी असते. तापली की मग."

"चल, दाखव."

"अरे, आत्ताच तर आले. चहा तरी पाज."

"चढावर पाजतो."

तो मागच्या सीटवर बसला. चाचणीच्या वेळी तो कधी पुढे बसत नसे. वाकून पुढच्या सीटखाली गाडीच्या तळाला तळवा टेकवायचा आणि डोळे मिटायचे, ही त्याची पद्धत. टाकीपाशी गाडीनं झटके खाल्ले. "पुन्हा," तो म्हणाला. ताईनं गाडी वळवून खाली आणली, पुन्हा वर नेली. पुन्हा झटके. बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडला, त्यानं तिसऱ्या सिलेंडरकडे बोट दाखवलं. म्हणजे पाळी कोण चुकवतं ते कळलं. का चुकवतं, ते स्कॅनरला विचारून उपयोग नव्हता. शाळेतला पंतोजीही कोण गैरहजर आहे एवढंच सांगतो.

गॅरेजात परत आल्यावर त्यानं आधी तिसरी कॉईल काढली आणि साक्षीदार बसवला. शेजारच्या सिलेंडरची कॉईल इथे आणि इथली तिथे असा बदल काही गॅरेजांत करतात, पण वस्तादांना ते पसंत नव्हतं. जुन्या गाड्यांच्या क्लिपा वाळलेल्या शेंगांसारख्या तुटतात. एक बिघाड शोधायला जावं आणि दुसरा घरी घेऊन यावं, असं होतं. शिवाय हातात साक्षीदार असताना संशयितांना एकमेकांबद्दल विचारायचं कशाला?

साक्षीदार बसवून ते पुन्हा चढाला गेले. गाडीनं पुन्हा झटके खाल्ले.

"म्हणजे कॉईल नाही," मालक म्हणाले. "सुटलो. पुढचं बघ."

तो पुढचं बघायला लागला. ताईची कॉईल परत जागेवर गेली, साक्षीदार डब्यात गेला. प्लग बदलला, चढ. इंजेक्टर काढून धुतला, चढ. कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते मोजलं, चारही सिलेंडर तालमीतल्या पैलवानांसारखे भरले. वायर बोटाबोटानं तपासली, वाकवून, ताणून, गरम करून. हवा कुठून चोरून आत शिरते का ते पाहिलं. प्रत्येक वेळी एकच बदल, प्रत्येक वेळी चढ, प्रत्येक वेळी टाकीपाशी तोच झटका. टायरवाल्यानं चेष्टा सुरू केली. "मिस्त्री, टाकीवरच खोली घ्या भाड्यानं."

घरी जेवतानाही त्याचं लक्ष चढावरच होतं. बायकोनं ताट पुढे सरकवलं. "लग्नाआधी मलाही चढावर नेऊन बघायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू कधी अडखळलीस?"

"तुमच्या लक्षात आलं असतं तर ना."

तो हसला नाही. त्याला खरंच प्रश्न पडला होता. ताईला गाडीचं काय होईल याची भीती होती. त्याला वेगळी होती. ताई हरली तर ती घरी बसणार होती, पण स्वयंपाकघरात बसून ती काय करील ते त्याला दिसत होतं. लहानपणी आईनं तिची शाळा बंद केली, तेव्हा ती भिंतीला टेकून अशीच बसली होती. काही तक्रार नाही, काही रडणं नाही. फक्त काही दिवस ती घरात कुणाला दिसत नव्हती, घरात असून. ती पुन्हा तशी बसायला नको होती. एवढंच. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं.

शनिवारी दुपारी भाऊजी स्वतः गॅरेजात आले. स्टूल पुसून बसले.

"मेहुणे, तुमचं काम चांगलं आहे, मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण हरलेली बाजी सोडावी. शहाणा माणूस सोडतो."

"उद्या सकाळी ना?"

"दहाला येतो म्हणालाय."

"मग अजून बाजी आहे," तो म्हणाला आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. त्यानं डोकं वर काढलं तेव्हा भाऊजी गेलेले होते आणि ताई आलेली होती.

त्यांनी पुन्हा चढ केला. टाकीपाशी झटका. ताईनं गाडी बाजूला घेतली, हातब्रेक ओढला, आणि दोघं तिथेच बसून राहिले. खाली गावाची छपरं होती, वर दवाखान्याच्या काचा. दोन्हींच्या मध्ये हे दोघं कुणाचेच नसल्यासारखे. इंजिन आपल्या तंद्रीत, समतोल, चालत होतं. उभ्या जागी त्याला काही दुखत नव्हतं.

"सोड रे," ताई म्हणाली. "तू केलंस तेवढं पुष्कळ."

"तू सांग," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मी काय काय बदललं आणि गाडीनं काय केलं."

"काय करणार? अडखळली."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"इथेच?"

ताई विचार करू लागली. तिच्या हातांनी नकळत स्टिअरिंग धरलं होतं. बोटं वळणांवरून फिरत असल्यासारखी हलत होती. "प्लग बदललास तेव्हा इथे. इंजेक्टर धुतलास तेव्हा इथे. वायर तपासलीस तेव्हा इथेच, त्या गटाराच्या झाकणापाशी. ती वस्तादांची ठिपक्याची बसवलीस ना, तेव्हा मात्र खाली."

"खाली म्हणजे?"

"खाणीच्या भिंतीपाशी. चढ सुरू होतो तिथे. तेव्हा लवकर अडखळली. मी म्हटलं, ऊन चढलं होतं, जास्त तापली असेल."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस अडखळली का. मी म्हटलं अडखळली." ताई जरा चिडली. "मिस्त्री तू आहेस का मी?"

खरं होतं. त्यानं हो की नाही एवढंच विचारलं होतं. आणि त्याला एवढंच ऐकायचं होतं. कॉईलचा दोष नसता तर ती बदलून काहीच बदलायला नको होतं. झटका तिथेच, तितकाच यायला हवा होता. पण झटका अलीकडे सरकला होता. साक्षीदार आल्यावर आजार बळावला होता. म्हणजे आजार कॉईलमध्येच होता, आणि साक्षीदार...

"खाली चल," तो म्हणाला.

"पुन्हा चढ?"

"नाही. आता नाही."

गॅरेजात त्यानं डबा उघडला. मालक पाठमोरे उभे राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यानं साक्षीदाराला कापडातून बाहेर काढलं, एका बॅटरीला जोडलं आणि खाली प्लग न लावता दोन तारांची टोकं समोरासमोर ठेवली. मधलं अंतर नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. चढावर इंजिनात हवा गच्च दाबली जाते, तेव्हा ठिणगीला उडी मारणं अवघड होतं. ते अवघडपण टेबलावर आणायचं तर अंतर वाढवावं लागतं. मग त्यानं स्वतःवर आणि टेबलावर काळी ताडपत्री ओढून घेतली, जुन्या फोटोवाल्यासारखी. ताई बाहेर उभी.

"दिसतंय का काही?"

"ठिणगी जातेय," आतून आवाज आला. "निळी. सरळ."

"मग बरी आहे की."

"गार आहे." ताडपत्रीतून हात बाहेर आला. "तुझ्याकडे केस वाळवायचं मशीन आहे ना गाडीत? त्या दिवशी भाचीचं राहिलं होतं."

ताई हसली. खरंच ते गाडीतच होतं, मुलीचं, सीटखाली. तिनं ते आणून दिलं. ताडपत्रीखालून त्या मशीनचा घुमणारा आवाज येऊ लागला. टायरवाला दारात येऊन उभा राहिला. "मिस्त्री आत केस वाळवतायत का?" त्यानं विचारलं. ताई म्हणाली, "त्याचे उरलेत कुठे?"

मग मशीन बंद झालं.

"ताई, आत ये," तो म्हणाला.

ताई वाकून ताडपत्रीखाली शिरली. काळोखात त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्यानं बॅटरीच्या जोडणीचं बटण दाबलं. तारांच्या टोकांमधून ठिणगी गेली नाही. तिच्याऐवजी कॉईलच्या कुशीतून, रबराच्या एका बारीकशा चिरेतून, निळा धागा निघाला आणि टेबलाच्या लोखंडात शिरला. पुन्हा दाबलं, पुन्हा धागा. सुंदर होता. इतका बारीक, इतका शांत, की तो चोर आहे यावर विश्वास बसेना.

"ही वाट तिला सोपी वाटते," तो म्हणाला. "तापली की चीर उघडते. मग ती पुढे जातच नाही."

मग त्यानं ताईच्या गाडीची मूळ कॉईल त्याच तारांना जोडली. तिनं अंमळ जास्त ताप सोसला, आणि मग तिच्याही कुशीतून तोच धागा निघाला. दोषी पहिल्यापासून तीच होती. फक्त तिच्या बाजूनं बोलायला आलेला साक्षीदार तिच्यापेक्षाही जास्त आजारी होता.

मालकांनी फोन ठेवला होता. ते ताडपत्रीपाशी आले. "काय चाललंय? डबा का उघडा?"

तो बाहेर आला आणि त्यानं सगळं सांगितलं. मालकांचा चेहरा हळूहळू कडक झाला.

"ती वडिलांची आहे," ते म्हणाले.

"म्हणून तर कुणी तपासली नाही. मीही नाही."

"वडील असते तर..."

"वडील असते तर त्यांनी तपासली असती," तो म्हणाला. "आपण डब्यावर टिचक्या मारल्या."

मालक खाली बसले. त्यांना काहीतरी आठवत होतं, आणि आठवणं वाढत होतं. गेल्या काही दिवसांत याच कॉईलच्या साक्षीवरून कुणाचा इंजेक्टर बदलला, कुणाची वायरिंग बदलली, कुणाला सांगितलं की गाडीच गेली. "किती जणांना..." ते म्हणाले.

"ज्यांची ज्यांची आठवेल, त्यांना बोलावू," तो म्हणाला. "सोमवारपासून. एकेक करून. पुन्हा बघू."

त्यानं कानशीनं कॉईलवरचा पांढरा ठिपका खरवडून काढला. मग ती कापडात गुंडाळून डब्यात ठेवली आणि डबा मालकांच्या हातात दिला. "आठवण म्हणून ठेवा. साक्षीला नको." मालकांनी डबा घेतला, या वेळी एकाच हातानं.

नवी कॉईल आणायला त्यानं बाजारात चक्कर मारली. नव्या डब्यांतही काय निघेल त्याचा भरवसा नसतो. म्हणूनच तर वस्तादांना साक्षीदार लागला होता. आणलेली कॉईल त्यानं त्याच तारांच्या टोकांवर धरली, त्याच केस वाळवायच्या मशीननं तापवली. पहिली पडली. ती परत करून दुसरी आणली, तीही पडली. दुकानदारानं विचारलं, "साहेब, कॉईल घेताय की छळताय?" तिसरी टिकली. ती तापून हाताला चटका देऊ लागली तरी ठिणगी सरळच गेली.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत ते चढ करत राहिले. आधी दोघंच, मग मालकांना मागे बसवून, मग टायरवाल्यालाही. टायरवाला जाड होता. "वजन म्हणून घेताय का मला?" त्यानं विचारलं. "हो," पुन्हा मिस्त्री म्हणाला. गाडी खाणीच्या भिंतीजवळून गेली, गटाराच्या झाकणावरून गेली, टाकीवरून गेली. ताईनं मध्ये मुद्दाम ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला. गाडीनं झटका खाल्ला नाही. पत्र्याच्या उतारावरून पाणी उतरावं तशी ती वर चढली. वर दवाखान्यापाशी पोचल्यावर ताईनं खिडकीची काच खाली केली.

"पुन्हा," तो म्हणाला. ताई हसली आणि गाडी वळवली.

रविवारी दलाल वेळेवर आला. अंगणात गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून पाहिलं, मग म्हणाला, "एक फेरी मारून येतो." भाऊजींनी किल्ली दिली. किल्ली ताईच्या पर्समध्ये असायची, पण त्या सकाळी ती खुंटीला होती. ताई आत चहा ठेवत होती, पुन्हा मिस्त्रीही आला होता, खुर्चीत बसला होता. गाडी गेल्याचं ताईला कळलं ते गाडीच्या आवाजावरून. तिनं स्वयंपाकघरातून मान वर केली आणि तो आवाज चढाकडे जाताना ऐकला. पुन्हा ऐकू आला तो परत येताना.

दलाल आत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"साहेब, तुम्ही मला फोनवर लंगडी गाडी सांगितली होती," तो भाऊजींना म्हणाला. "ही तर घोड्यासारखी चढली. लंगडीचा भाव विसरा. मी चांगला भाव देतो. आत्ता व्यवहार करू."

भाऊजींच्या तोंडावर आनंद आला, आणि तो आनंद पुन्हा मिस्त्रीनं पाहिला. रात्रभर त्याच्या मनात ही गोष्ट आली नव्हती. जी गाडी राहावी म्हणून त्यानं नीट केली, ती नीट झाल्यामुळेच आता जायला मोकळी झाली होती.

"पण एक," दलाल त्याच्याकडे वळला. "मिस्त्री, हात तुमचा आहे. ही आणखी किती चालेल, खरं सांगा."

"मेहुण्यांचा शब्द मी मानतो," भाऊजी म्हणाले. "ते म्हणतील ते. मेहुणे, सांगा."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. चांगली चालेल म्हटलं तर दलाल हात पुढे करणार होता. सांगता येत नाही म्हटलं तर भाऊजी म्हणणार होते, बघा, मी सांगत नव्हतो. हो आणि नाही, दोन्ही रस्ते फिरून एकाच अंगणात येत होते, आणि त्या अंगणात ताई घरी बसलेली होती.

"त्याला काय विचारता?" दारातून ताई म्हणाली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं टेबलावर ठेवला. "त्यानं जोडली. चालवते मी."

दलाल भाऊजींकडे बघू लागला. भाऊजी ताईकडे.

"बरं," भाऊजी म्हणाले. "मग तू सांग. तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," ताई म्हणाली. "खाणीच्या भिंतीपाशी नाही वाटत. तिथे रस्ता दिसतो. शाळेच्या फाटकाशी पोरं धावत येतात, तिथे मी गिअर खाली घेते, म्हणून तिथेही नाही. टाकीच्या वळणावर वाटते. ट्रकवाल्याला आपण दिसतो तोवर तो अगदी जवळ आलेला असतो, म्हणून. तिथे मी आधीच डावीकडे सरकते. तुम्ही त्या दिवशी शेजारी होता, ट्रक बघितलात आणि डोळे मिटून घेतलेत. डोळे उघडे ठेवले असतेत तर दिसलं असतं, मी डावीकडेच होते."

भाऊजींनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "कुठे डावीकडे?"

ताईनं टेबलावरचे कप सरकवले आणि बोटानं वळण काढून दाखवू लागली. भाऊजी त्यावर वाकले. दलालाचा चहा तसाच राहिला, आणि तो सांगू बघत होता की आपल्याला आणखी एक गाडी बघायला जायचं आहे, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. ताई आता दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली होती, आणि भाऊजी मध्येच विचारत होते, "आणि पाऊस असला तर?"

पुन्हा मिस्त्री उठला. दारापाशी त्यानं चपला पायात सरकवल्या, आतल्या आवाजाकडे क्षणभर कान दिला, आणि बाहेर पडला.